हळूमधला ळ

‘लवकर’ हा शब्द वीणाच्या घशातून बाहेर आलाच नाही. नुसती हवा आली. मग तिने डिकीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, तशी मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली इशिता दचकली आणि पाय ओढत खाली उतरली. शनिवारची सकाळ होती. मार्च उलटत आला होता तरी रिंकच्या पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात हिवाळाभर लोटून ठेवलेला बर्फाचा ढीग काळा पडून तसाच बसला होता.

“आई, स्टिल नो व्हॉइस?”

वीणाने मान हलवली. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजचा आठवडा होता. पहाटे पुण्याच्या टीमशी, दिवसभर इथल्या मॅनेजर लोकांशी आणि रात्रीची भांडी लावता लावता पुन्हा पुण्याशी बोलून बोलून गुरुवारीच तिचा घसा बसला होता. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. बसलेला घसा काही उठायचं नाव घेईना.

तिने बॅग ओढून खाली घेतली. आइस हॉकीची बॅग म्हणजे एक प्रकरणच असतं. इशिता बारा वर्षांची, आणि बॅग अशी की आत ती स्वतः मावली असती. गुडघ्यांची, खांद्यांची, कोपरांची चिलखतं, हेल्मेट, स्केट्स, आणि कितीही धुतलं तरी न जाणारा ओल्या मोज्यांचा वास. दोन वर्षांपूर्वी या वासाने वीणाला मळमळायचं. आता कळतही नव्हता.

आज एक गोष्ट बोलायची होती आणि नेमका आजच आवाज नव्हता. पुढच्या सीझनला इशिता खेळणार नाही, हे क्लबला सांगायचं होतं. आज घरच्या रिंकवरची शेवटची मॅच. कोण राहणार, कोण नाही, ते आजच कळवायचं असं क्लब सांभाळणाऱ्या डॉनाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. वीणाचं ठरलं होतं: आधी डॉनाच्या कानावर घालायचं, मग घरी जाताना गाडीत इशिताला सांगायचं. गाडीत बरं असतं. समोर रस्ता असतो, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

नवऱ्याशी, रवींद्रशी, काल फोनवर बोलणं झालं होतं. म्हणजे तो बोलला आणि ही खाकरली. गेल्या वर्षी इथली नोकरी गेली तेव्हापासून तो डॅलसला असतो; महिन्यातून दोनदा येतो, सोफ्यावर झोपतो आणि जातो.

“तू ठरव गं,” तो म्हणाला होता. “मी तुझ्याबरोबर आहे.”

बरोबर आहे! विमानाने जावं लागतं इतक्या लांब बसून बरोबर असतो हा माणूस. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ते याहून काय वेगळं असतं? पहाटे अंधारात उठून गाडीवरचा बर्फ खरवडायचा हिने, प्रॅक्टिसला आणायचं हिने, काचेपलीकडे बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन कॉल करायचे हिने, तिथून शाळा, तिथून ऑफिस. वर पुढच्या वर्षी टीम मोठ्या वयोगटात जाणार. दर वीकेंडला कुठे कनेक्टिकट, कुठे पेनसिल्व्हेनिया. नुसत्या विचारानेच वीणाला रडू येत होतं. ती थकली होती. आजच्या दिवसापुरती नाही, आतून, हाडांपर्यंत थकली होती, आणि हे कोणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

दारातच डॉना उभी. मिलस्टोन ऑटर्स या मुलींच्या क्लबची मॅनेजर, खजिनदार, वार्ताहर, सगळं तीच. दिवसा शाळेची बस चालवते. दर गुरुवारी ती क्लबचं बातमीपत्र पाठवते, ‘ऑटर न्यूज’: कोणाचा दात पडला, कोणाच्या आजोबांचं कमरेचं ऑपरेशन झालं, कोणाचे स्केट्स लहान झाले आणि ते कोणाला हवेत. खेळाच्या बातम्या शेवटी, उरल्या जागेत. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत, ‘हलू!’

“वीऽना!” डॉनाने मिठीच मारली. “आज जोरात हवं हं हलू. शेवटची मॅच आहे.”

वीणाने घशाकडे बोट दाखवलं, हात नाचवला.

“अरे देवा! आजच?”

“टॉक... लेटर,” वीणाने कसंबसं उच्चारलं. “अबाउट... नेक्स्ट इयर.”

“मॅचनंतर,” डॉना म्हणाली. मग जीभ चावून पुढे बोलली, “आणि सॉरी, पण आज ड्रेसिंग रूमची ड्यूटी तुझी आहे. मॅडीसनच्या आईला ताप आलाय.”

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. मुली कपडे बदलत असताना खोलीत एक मोठी बाई बसलीच पाहिजे, असा नियम आहे. काही करायचं नसतं, नुसतं बसायचं. फोनसुद्धा बाहेर ठेवायचा. वीणाने मान डोलावली. नाही म्हणायलासुद्धा आवाज लागतो.

हे ‘हलू’ म्हणजे वीणाचंच कर्तृत्व. दोन हिवाळ्यांपूर्वी इशिता पहिल्यांदा मॅचमध्ये उतरली. बर्फावर पोरगी अशी सुटली की वीणाचा जीव टांगणीला लागला. समोर लाकडी कठडा, पायाखाली बर्फ, हातात काठी! झोपाळ्यावर, जिन्यावर, सायकलवर जे ओरडत आली, तेच ती तिथेही उभी राहून जीव खाऊन ओरडली, “हळू गं! हळू! पडशील!” त्याच क्षणी इशिताने मारलेली रबरी चकती, म्हणजे पक, कोणाच्या तरी स्केटला लागून गोलमध्ये गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. शेजारी बसलेल्या डॉनाला वाटलं, हा काहीतरी इंडियन जयघोष आहे. पुढच्या वेळी तीही ओरडली. तिच्यामागे तिचा नवरा, त्याच्यामागे अख्खी रांग. महिनाभरात सबंध स्टँड ‘हलूऽऽ’ करून गर्जायला लागला.

अर्थ विचारला होता डॉनाने. पण वेगाच्या खेळात मी माझ्या मुलीला सावकाश जा म्हणून सांगत होते, हे कोणत्या तोंडाने सांगणार? “फॉर लक,” वीणा म्हणून गेली, आणि मग ते तसंच राहिलं. अमेरिकन जिभेवर ळचा पार चुराडा व्हायचा. हळूचं हलू व्हायचं. म्हणजे जागची हल, चल, पळ. अर्थ जवळजवळ उलटाच. वीणाला एकटीलाच हसू यायचं. तसंच ते दुसरं. टीममधल्या मुली इशिताला ‘इश’ म्हणायच्या. चिलखत घातलेली, दातांत रबर धरलेली पोरगी बर्फावर धडका देतेय आणि आजूबाजूच्या ओरडतायत, “इश्श! इश्श!”

इशिताला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं. त्या पहिल्या मॅचनंतर गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली होती, “आई, प्लीज. नोबडी एल्सेस मॉम डज दॅट.” ते वीणाच्या मनात रुतून बसलं होतं. पोरीला आपली लाज वाटते. वाटणारच. पण स्टँडमध्ये बसलं की तोंडातून शब्द निघायचाच, आणि एकदा सगळेच ओरडायला लागल्यावर एकटीने गप्प कसं बसायचं?

ड्रेसिंग रूममध्ये दाराशी एक घडीची खुर्ची होती. वीणा तिच्यावर टेकली. खोलीत रबराचा, घामाचा आणि कोणीतरी फवारलेल्या स्ट्रॉबेरीच्या अत्तराचा वास कोंडला होता. पंधरा-सोळा मुली, त्यांच्या तेवढ्याच बॅगा, चिकटपट्ट्या फाडल्याचे आवाज. फोन नव्हता. लॅपटॉप नव्हता. कोणी तिला काही विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायला आवाज नव्हता. भिंतीला डोकं टेकवल्यावर डोळे कधी मिटले ते तिचं तिलाही कळलं नाही.

मुलींनी आधी जरा कुजबुज केली. मग खुर्चीवरची बाई झोपली म्हटल्यावर त्यांचे आवाज मोकळे झाले. बोलत होत्या अर्थात इंग्रजीत.

“एक विचारू?” हा आवाज टेसाचा. जानेवारीत बॉस्टनहून आलेली नवी मुलगी. “हे हलू म्हणजे नक्की काय असतं?”

“इशला विचार. तिचं आहे ते.”

“हलू नाही,” इशिताचा आवाज आला. “हळू.”

वीणा जागी झाली. पण डोळे तिने उघडले नाहीत. त्या एका अक्षराने तिला जाग आली होती. घरी ‘पोली दे’ आणि ‘काला शर्ट’ म्हणणारी ही मुलगी. आजी फोनवर सुधारायची, वीणा सुधारायची, शेवटी दोघींनीही नाद सोडला होता. आणि आता हा ळ चांगला ठसठशीत, जीभ मागे वळवून काढलेला.

“जीभ अशी मागे न्यायची. वर लावायची. आणि सोडायची. हळू.”

खोलीभर जिभांची कसरत सुरू झाली. हडू, हरू, हल्डू. कोणीतरी थुंकी उडवली, कोणीतरी किंचाळलं, सगळ्या खिदळल्या.

“पण अर्थ काय?”

“स्लो,” इशिता म्हणाली.

एकदम हशा पिकला.

“स्लो? तू एकटी पक घेऊन सुटलेली असतेस आणि आम्ही सगळे ओरडतो, स्लो?”

“माझी आज्जी पण ओरडते! ओ माय गॉड!”

“हो,” इशिताही हसत होती. मग तिचा आवाज जरा खाली आला. ती वाकून बूट बांधत असावी. “कसंय ना, घरी माझी आई दिवसभर दुसराच एक शब्द म्हणते. लवकर. म्हणजे हरी अप. लवकर ऊठ, लवकर खा, लवकर बस गाडीत. आय थिंक मी बाळ असताना मला वाटत असणार माझं नावच लवकर आहे.”

“माझी पण. इंग्लिशमध्ये,” कोणीतरी म्हणालं.

“पण इथे ती बसते. एक तास. तिला कुठे जायचं नसतं. आणि इथे ती म्हणते हळू.” नाडीला गाठ मारल्याचा कर्रकन् आवाज झाला. “हे एकच ठिकाण आहे जिथे ती मला हळू म्हणते. सो... आय लाइक इट.”

“ऑऽऽ, इश!”

“शट अप. आणि तिला कोणी अर्थ विचारू नका हं. मला कळलंय असं तिला कळलं, तर ती बंद करेल.”

वीणा डोळे मिटून बसून राहिली. मिटलेल्या पापण्यांतून पाणी कसं थोपवायचं, हे काही कोणी शिकवत नाही. तिने नुसतं डोकं भिंतीकडे वळवलं, झोपेत कूस बदलावी तसं. तासभर बसते म्हणे मी. मला कुठे जायचं नसतं म्हणे. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली आई हिला तशी दिसते? की ओरडण्यासाठी तेवढी मान वर होते, तेवढीच हिने जपून ठेवली?

कोचने दारावर थाप मारली. सगळ्या उठल्या, धडाधड हेल्मेट चढली, आणि रबराच्या पट्टीवर स्केट्स खडखडवत मुली एकामागून एक बाहेर पडल्या. इशिता शेवटी. खुर्चीपाशी ती थांबली.

“आई? वेक अप. इट्स टाइम.”

वीणाने आत्ताच जाग आल्यासारखे डोळे चोळले. हे नाटक तिला बरं जमलं.

स्टँडमध्ये ती नेहमीच्या जागी, डॉनाशेजारी बसली. लॅपटॉपची पिशवी पायाशी होती, ती पायाशीच राहिली. मॅच पहिल्यापासून हातची जात होती. समोरच्या मुली उंच, दांडग्या, आणि त्यांचे आईबाप त्याहून दांडगे. आपल्या रांगांतून ‘हलूऽऽ’ उठत होतं, छपराला लागून परत येत होतं, पण इशिताचं कशातच लक्ष लागत नव्हतं. बेंचवरून बर्फावर उतरली की ती स्टँडकडे बघायची. चाळीस माणसं ओरडत होती आणि ती बघत होती फक्त आईकडे.

वीणाने तोंड उघडलं. हवा आली, फुस्स.

शेवटचा पिरियड सुरू होता. खेळ थांबलेला, शिट्टी व्हायची बाकी. इशिताने पुन्हा मान वर केली. तशी वीणा उभी राहिली. तिने उजवा हात पुढे केला, तळवा खाली, आणि हवेलाच दोनदा हलकं थोपटलं. निजणाऱ्या मुलाच्या पाठीवर थोपटतात तसं. उंबऱ्याशी अडखळणाऱ्या लेकराला प्रत्येक मराठी बाई न बोलता करते तसं. हळू.

हेल्मेटच्या जाळीतून चेहरा दिसत नव्हता. इशिताने काठी एकदा बर्फावर आपटली आणि ती खाली वाकली.

शिट्टी झाली. पक तिच्याकडेच आला. दोन दांडग्या मुली अंगावर धावल्या, आणि एरवी घाबरून, घाईने कुठेही भिरकावणारी ही पोरगी पक धरून थांबली. जरा आणखी थांबली. डॉना किंचाळली, सगळा स्टँड किंचाळला. दोघी अगदी जवळ आल्यावर तिने हलकेच तो त्यांच्यामधून टेसाकडे सरकवला. टेसाने मारला. गोलच्या खांबाला लागून टणकन् परत आला.

ऑटर्स हरल्या. पण तेवढ्या एका पाससाठी कोचने काचेवर इतक्या थापा मारल्या की पलीकडच्या लोकांना वाटलं, हेच जिंकले.

मॅचनंतर लॉबीत नेहमीसारखी झुंबड उडाली. कोणी डोनट वाटत होतं, कोणाचा तरी हातमोजा सापडत नव्हता, कोणाचे आजोबा वॉकर घेऊन पहिल्यांदाच आले होते त्यांच्याभोवती गर्दी जमली होती. डॉना गर्दीतून वाट काढत वीणापाशी आली.

“बोल. पुढच्या वर्षीचं. इश आहे ना?”

वीणाने ओठ ओले केले. सबंध आठवडा घोकलेलं वाक्य होतं तिच्याकडे, इंग्रजीत, सभ्य, कोणाचं मन न दुखवणारं. वुई हॅव लव्ह्ड बीइंग पार्ट ऑफ धिस फॅमिली, बट. ते ‘बट’ कुठे गेलं ते सापडेना. आणि हो म्हणावं, तर मंगळवारची पहाट डोळ्यांपुढे उभी राहत होती; तो बर्फ, तो अंधार, तो कॉल. थोडा वेळ दे मला, एवढंच तिला म्हणायचं होतं. जरा थांब. मी विचार करते.

तेवढ्यात ड्रेसिंग रूमचं दार उघडलं. इशिता बाहेर आली. खांद्यावर ती राक्षसी बॅग, हातात दोन काठ्या, तोंडात डोनट, आणि पुढे फरशीवर वितळलेल्या बर्फाचं थारोळं. तिचा पाय सरकला.

“हळू!”

आवाज फुटला. फाटका, घोगरा, पण असा खणखणीत की अख्खी लॉबी वळली. इशिताने भिंतीला हात टेकून स्वतःला सावरलं.

“हलूऽऽऽ!” डॉनाने दोन्ही हात वर केले. “झालं! मी याला होच समजते! इश येतेय, पुढच्या वर्षी इश येतेय!” लॉबीतल्या सगळ्यांनी तो शब्द झेलला. वॉकरवाले आजोबासुद्धा ओरडले.

वीणाने एक बोट वर केलं. नो, डॉना, आय मेंट... म्हणायला. बोट तसंच राहिलं. भिंतीला धरून उभी असलेली इशिता तिच्याकडे बघत होती, डोनट तोंडातच, डोळे मोठे.

वीणाने बोट खाली घेतलं.

“डॉना,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने या देशात कोणाला म्हटलं नव्हतं. कुणाला कशाला त्रास, आपलं आपण निभवावं, हे आईकडून घेऊन आलेली. “ट्यूजडे मॉर्निंग्ज. कॅन यू टेक हर? आय ॲम... व्हेरी टायर्ड.”

“दोन वर्षं विचारतेय मी तुला,” डॉना म्हणाली. “दर वेळी तू म्हणतेस, वुई आर फाइन, वुई आर फाइन. ट्यूजडे माझा. थर्सडे पण.” आणि ती लगेच कोणाचा तरी हातमोजा शोधायला गेली.

पार्किंग लॉटमध्ये ऊन पडलं होतं. काळ्या ढिगातून पाणी झिरपून गाड्यांखालून वाहत होतं. इशिताने बॅग डिकीत ढकलली आणि सवयीने धावत दरवाज्याकडे गेली. हँडलवर हात ठेवून ती थांबली. मागून ‘लवकर’ काही ऐकू आलं नव्हतं.

वीणाने डिकीचं दार बंद केलंच नव्हतं. बॅग आत सरकवून ती काठावर बसली होती, पाय खाली सोडून. लॅपटॉपच्या पिशवीत फोन थरथरत होता.

“आई? आपण लेट नाही?”

“आहोत,” वीणा म्हणाली आणि शेजारची जागा हाताने पुसली.